अंध वाचकाचे ग्रंथालय

अंध वाचकांसाठी ग्रंथांच्या सुलभ प्रती काढण्याची मुभा २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने दिली. २०१४ मध्ये मराकेश करारास सर्वांआधी अनुसमर्थन दिले तेही भारतानेच. कायद्याचा अडसर असा दूर झाला असला, तरी संगणकावर चढविलेले कित्येक ग्रंथ म्हणजे पानांची निव्वळ छायाचित्रेच होत. अक्षरओळखीच्या सॉफ्टवेअरमधून काढून मजकूर तपासल्याखेरीज एनव्हीडीएसारख्या मोफत स्क्रीन रीडरला ते धड वाचता येत नाहीत. हे काम ग्रंथालयीन तंत्रज्ञांचे. त्यांना साधने व प्रशिक्षण न देता स्कॅन केलेल्या पानांचे आकडे मिरविणे म्हणजे अंध विद्यार्थ्याला परीक्षेच्या तोंडावर वाचून दाखविणाऱ्याची वाट पाहावयास लावणे होय. निदान यापुढे प्रत्येक कंत्राटात तपासलेल्या मजकुराची अट असलीच पाहिजे.