उभा ट्रॅक्टर, चालू इंजिन



ट्रॅक्टरच्या धुराविषयी आपल्या भागात दोन समजुती पक्क्या बसल्या आहेत. ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रेलर ओढताना काळाकुट्ट धूर ओकू लागला की लोक कौतुकाने म्हणतात, “इंजिनात ताकद आहे.” आणि बांधावर किंवा काट्याच्या रांगेत तो तासभर नुसता भकभकत उभा राहिला तर म्हणतात, “चालू राहू दे, बंद करून पुन्हा सुरू करायला डिझेल जास्त जाते.” या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि गरीब शेतकऱ्याला त्या महाग पडत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम उभ्या ट्रॅक्टरचे पाहू. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा पडून पेट घेतो. म्हणजे सगळा खेळ उष्णतेचा आहे. ट्रॅक्टर कामावर असतो तेव्हा इंजिन चांगले तापलेले असते आणि डिझेल नीट जळते. पण न्यूट्रलमध्ये मिनिटाला सातआठशे फेऱ्यांवर ते नुसते फिरत राहिले, की सिलिंडर हळूहळू थंडावतो. मग थोडे डिझेल अर्धेकच्चे जळते. त्याची काजळी नोझलच्या तोंडाशी आणि रिंगांच्या खाचांत साठते. न जळलेले डिझेल लायनरवरून खाली ओघळून इंजिन ऑइलात उतरते व ऑइल पातळ करते. काही सायलेन्सरांच्या जोडाशी काळा चिकट ओघळ दिसतो. पुष्कळांना वाटते की इंजिन ऑइल फेकू लागले. अनेकदा तो फार वेळ उभ्या चालवलेल्या इंजिनाचा चिकटाच असतो.

आता खर्चाचा हिशेब. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर उभ्या उभ्या तासाला साधारण लिटरभर डिझेल खातो. आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. टाकी तोंडापर्यंत भरा, इंजिन तासभर उभे चालवा, आणि मापाने पुन्हा तोंडापर्यंत भरा. एकदाच तासभर वाया जाईल, पण डोळे उघडतील. दिवसाला एक तास, वर्षाचे दीडशे दिवस, आणि डिझेल नव्वद रुपये लिटर धरले, तर साडेतेरा हजार रुपये होतात. या पैशांत ना एक सरी नांगरली गेली, ना एक पोते घरी आले. गरम इंजिन पुन्हा सुरू करायला जे डिझेल लागते, ते याच्यापुढे थेंबाएवढे आहे.

जुन्या ट्रॅक्टरांवर आणखी एक फसगत होते. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांचा तासांचा मीटर घड्याळावर चालत नाही, इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. इंजिन मंद फिरत असले की मीटरही मंद सरकतो. त्यामुळे ऑइल बदलण्याचे तास भरले नाहीत असे मीटर सांगतो, आणि ऑइल मात्र आधीच निकामी झालेले असते.

“बंद केला तर पुन्हा सेल्फ घेत नाही,” ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो, आणि ती खरी आहे. बॅटरी उतरलेली असते, टर्मिनलवर पांढरा खार चढलेला असतो, त्यात ट्रेलरवर मोठमोठे स्पीकर लावून रात्रभर गाणी चालतात. मग ड्रायव्हर बिचारा इंजिन बंद करायला भितो, किंवा उतार शोधून तिथेच ट्रॅक्टर लावतो. पण हा रोग बॅटरीचा आहे, आणि त्याचे औषध डिझेल नव्हे. टर्मिनल गरम पाण्याने धुऊन घट्ट बसवा, वायर तपासा, आणि बॅटरी जुनी झाली असेल तर नवी घ्या. वर सांगितलेल्या साडेतेरा हजारांत ती येऊन पैसे उरतील. मालकांना आमची विनंती की, याबद्दल ड्रायव्हरवर ओरडू नये. सुरू न होणारा ट्रॅक्टर हाती देऊन डिझेल वाचवायला सांगणे हा न्याय नव्हे.

मग इंजिन किती वेळ उभे चालवावे? सकाळी सुरू केल्यावर ऑइलचा दाब दिसू लागेपर्यंत आणि वर एकदोन मिनिटे. त्यानंतर हलक्या कामाला जुंपावे. आपल्याकडच्या थंडीत याहून अधिकाची गरज नाही. चालता ट्रॅक्टर उभ्या ट्रॅक्टरपेक्षा लवकर तापतो. जड कामानंतर दोनतीन मिनिटे मंद चालवून मग बंद करावे. टर्बो असेल तर हे चुकवू नयेच, कारण तापलेल्या टर्बोला त्या वेळी ऑइलची गरज असते. याखेरीज पाच मिनिटांहून जास्त थांबायचे असेल तर ब्रेक लावावा, गाडी बंद करावी आणि चावी खिशात घालावी. रात्री रस्त्याकडेला उभे राहायचे असेल तर ट्रेलरला मागून रिफ्लेक्टर हवेतच, इंजिन चालू असो वा बंद.

आता धुराकडे वळू. ताप आला की डॉक्टर आधी नाडी पाहतो, लगेच पोट फाडत नाही. आपल्याकडे मात्र धूर दिसला की थेट पंप उतरवतात, नाहीतर हाफ इंजिनाचे काम काढतात. आमचे म्हणणे असे की, आधी फुकटची कामे करावी, मग स्वस्तातली, आणि शेवटी महागाची. आणि अगदी पहिली गोष्ट म्हणजे उभ्या ट्रॅक्टरच्या धुरावरून निदान करू नये. अर्धा तास नांगर किंवा रोटाव्हेटर लावून योग्य गियरमध्ये भरपूर काम करून घ्यावे, इंजिन चांगले तापू द्यावे, आणि मग धूर पाहावा. साचलेली काजळी जळून जाऊन पुष्कळदा अर्धा रोग तिथेच नाहीसा होतो. जो धूर तरीही राहतो, तोच खरा.

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. रेस एकदम वाढवल्यावर क्षणभर काळा धूर आला तर काळजी नको. पण कामावर तो सतत येत असेल तर आधी एअर क्लीनर उघडा. ऑइल बाथ असेल तर खालच्या वाटीतला गाळ काढून खुणेपर्यंतच नवे ऑइल भरा. मळणीच्या किंवा रोटाव्हेटरच्या धुळीत हे रोजचे काम आहे. कोरडा फिल्टर असेल तर तो हलके झटका, दगडावर आपटू नका, आणि फाटला असेल तर बदला. मग गियर आणि खोली पाहा. ट्रॅक्टरच्या कुवतीबाहेरचे ओझे असेल तर धूर येणारच. याने भागले नाही तर नोझल तपासून घ्या.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. उसाच्या वाहतुकीसाठी पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून घेण्याची चाल पडली आहे. त्याने ओढ थोडी वाढते, हे आम्ही नाकारत नाही. पण काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, पैसे देऊन विकत घेतलेले. इंजिन जास्त तापते, पिस्टन आणि रिंगा लवकर जातात, आणि दोन हंगामांत जादा मिळवलेले भाडे मेकॅनिकच्या हाती जाते. कर्ज काढून घेतलेल्या ट्रॅक्टरवर असा जुगार खेळू नये.

पांढरा धूर सकाळी थोडा वेळ आला आणि इंजिन तापल्यावर गेला, तर तो रोग नव्हे. तो राहिला आणि डोळ्यांना झोंबू लागला, डिझेलचा उग्र वास येऊ लागला, तर डिझेल जळत नाही असे समजावे. डिझेलात पाणी शिरले आहे का ते फिल्टरखालची वाटी किंवा बोल्ट सैल करून पाहा. ते ठीक असेल तर नोझल, पंपाचे टायमिंग किंवा कॉम्प्रेशन हे मेकॅनिकचे काम. मात्र वाफेसारखा धूर येत असेल आणि रेडिएटरचे पाणी रोज कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसले, किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर ट्रॅक्टर मुळीच चालवू नये. ऑइलात पाणी किंवा डिझेल शिरले आहे. आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. ऑइल वरच्या खुणेपेक्षा जास्त भरले आहे का, एअर क्लीनरच्या वाटीत ते जास्त झाले आहे का, हे आधी पाहा. मग किती तासांत किती ऑइल भरावे लागते ते वहीत लिहा. ते वाढतच गेले तर रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत, आणि तेव्हा खर्चाला पर्याय नाही. पण वहीतले आकडे दाखवून काम सांगितले तर मेकॅनिकही अंदाजाने इंजिन खोलणार नाही.

नोझलच्या नळ्या चालू इंजिनावर स्वतः सैल करून पाहू नका. त्या दाबाचा फवारा कातडीत घुसतो आणि हात कायमचा निकामी होऊ शकतो. असे झाले तर जखम बारीक दिसली तरी त्याच क्षणी दवाखाना गाठावा. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आहेत. अशा ट्रॅक्टरांच्या पंपाला व वायरिंगला तर गावठी हात लावूच नये.

आरोग्याच्या दृष्टीनेही हा प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला १९८८ साली ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले होते. जून २०१२ मध्ये ‘बहुधा’ हा शब्द गेला. डिझेलच्या धुराने फुफ्फुसाचा कर्करोग होतो, असा निर्णय तिने दिला. या धुरातली काजळी इतकी बारीक असते की ती नाकात अडत नाही, थेट फुफ्फुसात जाते. दम्याच्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना तिचा त्रास लगेच होतो. म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, अंगणात मळणी करताना सायलेन्सरचे तोंड स्वयंपाकघराकडे येऊ देऊ नये, आणि मडगार्डवर लेकरे बसवू नयेत. तिथून ती पडतात, हे तर आहेच.

दहा कुमारींचा दाखला आपण मिस्सेत अनेकदा ऐकला आहे. त्यातल्या शहाण्या कुमारींनी वेळेवर पुरेल एवढे तेल जवळ ठेवले होते. आपल्याजवळचे तेलही मोजकेच आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाचा बहुतांश भाग परदेशातून पैसे मोजून येतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या जतनाविषयी जे परिपत्रक काढले, त्यात नको असलेला दिवा मालवण्यासारख्या रोजच्या लहान कृतींनाही त्यांनी मोल दिले आहे. नको असलेले इंजिन बंद करणे ही त्याच जातीची कृती आहे.

आमच्या दोन सूचना आहेत. सणाच्या दिवशी नव्या पिकाच्या मिरवणुकीत सजवलेले ट्रॅक्टर येतात, ते चर्चच्या आवारात शिरताच बंद करावेत. प्रार्थनेला शांतता मिळेल आणि मुलांना स्वच्छ हवा. दुसरी अशी की, सुगी आटोपल्यावर एका रविवारी मिस्सेनंतर एखाद्या जाणत्या मेकॅनिकला बोलवावे, आणि आपल्या धर्मग्रामातील ट्रॅक्टरांचे एअर क्लीनर, ऑइल व बॅटरी सर्वांसमक्ष तपासून घ्यावी. मालकांबरोबर ड्रायव्हरांनाही आग्रहाने बोलवावे, कारण रोज त्या धुरात तेच बसतात.