सोसायटीत जरूर जा, पण आडनाव झाकून नव्हे!

वस्तीतला पोरगा शिकून नोकरीला लागला की घरात विषय निघतो: बदलापूर, टिटवाळा नाहीतर विरारला फ्लॅट घ्यायचा. यावर चळवळीत दोन टोकाची मतं आहेत. एक म्हणतं, वस्ती सोडणारा समाजाला विसरला. दुसरं म्हणतं, सुटलो एकदाचे! आम्हाला दोन्ही मान्य नाहीत.

आधी वस्तीचे गोडवे गाणाऱ्यांना विचारू. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. तिथे पोरीने स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कुठे करायचा? आणि हा उपदेश करणारे नेते स्वतः कुठे राहतात? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याचं कौतुक करणाऱ्यांचा समाचार घेतला होता. जिथे माणूस कोंडला जातो त्या जागेवर प्रेम करायला त्यांनी शिकवलं नाही. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीतून दादरच्या हिंदू कॉलनीत, राजगृहात गेले. तिथे राहत असतानाच १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पत्ता बदलला, नाव झाकलं नाही, काम थांबलं नाही.

आता 'सुटलो' म्हणणाऱ्यांना विचारू. कशातून सुटलात? एजंट आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग 'नॉनव्हेज खाता का?' १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढायला लोक लाठ्या घेऊन आले होते. आज लाठी लागत नाही. 'मालकांचा विचार बदलला', एवढा एक फोन पुरतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व पारशांपुरतंच ठेवू दिलं. म्हणजे दार बंद ठेवायला कायद्याचाही आधार मिळतो!

फ्लॅटबरोबर स्वतःचा संडास मिळतो, मुलांना अभ्यासाचा कोपरा मिळतो. हे थोडं नाही. पण विहार, अभ्यासिका, एकगठ्ठा मतांची ताकद मागे राहते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली, तेव्हा अख्खी वस्ती रस्त्यावर आली. गोळीबारात दहा जण गेले. सोसायटीत अशी वेळ आली तर हाकेला कोण धावणार?

खरा धोका मात्र पुढेच आहे. बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून बेडरूममध्ये जातो. दारावर फक्त पहिलं नाव लागतं. सत्यनारायणाची वर्गणी निमूट दिली जाते आणि १४ एप्रिलला घरात शुकशुकाट असतो. मुलांना शाळेत कुणी जात विचारली की ती खाली बघतात. भाड्याच्या घरातल्या माणसाची भीती खरी आहे, त्याला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. म्हणूनच एकटे जाऊ नका, चार घरं मिळून जा.

मित्रांनो, पाटीवर पूर्ण नाव लावा. गणपतीची वर्गणी सोसायटी काढते, तर जयंतीचीही काढा म्हणून सर्वसाधारण सभेत मागणी करा. सभासदत्व नाकारलं तर कारण लेखी मागा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ नुसार पुरेशा कारणाशिवाय ते नाकारता येत नाही, निबंधकाकडे अपील करता येतं. आणि महिन्यातला एक रविवार वस्तीतल्या अभ्यासिकेला द्या.

वस्ती सोडणं गद्दारी नाही. वस्तीतून आलो हे लपवणं म्हणजे मात्र मनुवाद्यांनी न मागता त्यांना दिलेली कबुली आहे.

जय भीम!