अपडेट झाला अन् पुण्याचं ऑफिस तुटलं. गावाकडून काम करणाऱ्यांनी आधी काय बघावं?

पुणे : हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्यांत नोकरीला असलेली जुन्नर, शिरूर, इंदापूरकडची कितीतरी पोरं कोरोनापासून अधूनमधून गावाकडूनच काम करतात. लॅपटॉप घरात, पण खरं काम पुण्यातल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. या दोघांना जोडणारी सोय म्हणजे रिमोट डेस्कटॉप. विंडोजचा अपडेट आला की कधीकधी नेमकी हीच जोडणी तुटते आणि दिवसाचं काम टांगणीला लागतं.

मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, त्यामुळे घोळ कळतो तो बुधवारी सकाळी किंवा त्यानंतर. १३ जानेवारी २०२६ च्या अपडेटनंतर विंडोज ॲपमधून जोडताना बऱ्याच ठिकाणी पासवर्डच्या टप्प्यावरच गाडी अडली. यात वापरणाऱ्याची चूक नव्हती. १७ जानेवारीला कंपनीला दुरुस्तीचा वेगळा अपडेट काढावा लागला.

मे २०१८ चं प्रकरण वेगळं होतं. लॉगिनच्या तपासणीतलं एक भगदाड बुजवलं गेलं. मग अपडेट झालेला कॉम्प्युटर अपडेट न झालेल्या सर्व्हरशी बोलायलाच तयार होईना. एका टोकाचं कुलूप बदललं, दुसऱ्या टोकाला किल्ली जुनीच. खरा उपाय दोन्ही टोकं अपडेट करणं हाच होता. अपडेट काढून टाकला तर काम चालू होतं, पण भगदाडही परत उघडं पडतं.

विहिरीवरची मोटार चालू होईना म्हणून कुणी लगेच ती वर काढत नाही. आधी लाईट, मग फ्यूज, मग स्टार्टर. इथंही तसंच. आधी ऑफिसातल्या दोघातिघांना फोन करून विचारा. सगळ्यांचंच बंद असेल तर दोष वरचा आहे, आयटी विभागाला कळवा आणि स्वतःच्या सेटिंग उलटसुलट करू नका.

फक्त आपलंच बंद असेल तर नेट आणि व्हीपीएन तपासा, लॅपटॉप रीस्टार्ट करा. समोरचा कॉम्प्युटर चालू आहे का, स्लीपमध्ये गेलाय का, हे तिथल्या माणसाकडून बघून घ्या. अपडेटनंतर तिथलं नेटवर्क 'पब्लिक' झालं असेल तर फायरवॉल अडवू शकते. पिन चालत नसेल तर खात्याचा पूर्ण पासवर्ड टाका. आणि विंडोजच्या होम आवृत्तीतून दुसरीकडे जोडता येतं, पण तिच्यात बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. राउटरवर ३३८९ हा पोर्ट थेट इंटरनेटला उघडू नये, चोर तोच शोधत असतात. आणि गुगलवर सापडलेल्या 'हेल्पलाईन'ला फोन करून एनीडेस्कसारखं ॲप चालू करून कोड देऊ नये. अशा ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करावा.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता एका टोकाला नवं, दुसऱ्याला जुनं, असं जितकं राहील तितक्या अशा अडचणी वाढणार. कंपन्यांनी अपडेट आधी चार-पाच कॉम्प्युटरवर चालवून बघावा, मग सगळीकडे सोडावा.

तोवर काम करणाऱ्यानेही एक सवय लावून घ्यावी. जोडणी तुटली की स्क्रीनवरच्या संदेशाचा वेळेसकट फोटो काढून त्याच मिनिटाला साहेबांना मेल करावा. नाहीतर बिघाड वरचा आणि रजा मात्र गावाकडच्या पोराची, असं होतं.