मण्यार की कवड्या?

बालमित्रांनो, पाऊस लागला, धानाची रोवणी सुरू झाली, की आमच्या आरमोरीच्या शाळेत एक प्रश्न हमखास येतो. "गुरुजी, काल घरात साप निघाला. अंगावर पट्टे होते. कोणता?"

आता एवढ्यावर काय सांगणार! पट्ट्यांचे साप आपल्याकडे बरेच. त्यातले दोन तर भाऊभाऊच वाटतात, मण्यार आणि कवड्या. मण्यार जहाल विषारी, कवड्या अगदी बिनविषारी. कवड्या पालींच्या मागे भिंतीवर चढतो. मण्यारही घरात शिरतो, उंदीर आणि दुसरे साप शोधत.

म्हणून मी उलट विचारतो, "पट्टे कुठून सुरू होत होते?" खरी खूण इथेच आहे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मोठ्या मण्यारचं नेमकं उलटं. मानेजवळ पट्टे नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ठळक होतात. ते बारीक, पांढरे आणि बहुतेक जोडीजोडीने असतात. रंगही बघा. मण्यार चकचकीत निळसर काळा, कवड्या तपकिरी. जाणकार पाठीचे खवलेही बघतात. मण्यारच्या पाठीवर मधल्या ओळीतले खवले मोठे, षटकोनी असतात. पण त्यासाठी जवळ जावं लागतं. तुम्ही मुळीच जायचं नाही!

शिवाय या खुणाही फसवतात. मण्यारच्या पिल्लाचे पट्टे डोक्याजवळूनच सुरू होऊ शकतात. एखाद्या मण्यारला पट्टेच नसतात.

अमेरिकेतल्या मुलांनाही हेच कोडं पडतं बरं का. तिथला कोरल साप विषारी, अंगावर लाल, पिवळे, काळे पट्टे. तिथलाच एक बिनविषारी किंगस्नेक (आपला नागराज नव्हे हं!) तेच रंग लेवून फिरतो. म्हणून तिथे रंगांच्या क्रमाचं गाणंच शिकवतात. लाल पट्ट्याला पिवळा लागून असेल तर विषारी, काळा असेल तर नाही. पण दक्षिण अमेरिकेत गेलात की गाणं खोटं ठरतं. तिथे कितीतरी विषारी कोरल सापांच्या लाल पट्ट्याला काळाच लागून असतो.

आपल्या जंगलात पट्टेरी मण्यारही आहे. त्याची गल्लत सहसा होत नाही. काळे-पिवळे रुंद पट्टे, पाठीचा कणा धारेसारखा वर आलेला, शेपटीचं टोक बोथट. हाही विषारीच. मण्यारांचं शास्त्रीय नाव 'बंगारस' आहे. ते तेलुगू 'बंगारु', म्हणजे सोनं, यावरून आलं. सिरोंच्याकडचे दोस्त हा शब्द लगेच ओळखतील!

आणि साप चावलाच, तर ओळखत बसू नका. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावतो. फारसं दुखत नाही, सूजही येत नाही. काही तासांनी पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, पुढे श्वास अडतो. तेव्हा मांत्रिकाकडे नाही, थेट सरकारी दवाखान्यात जायचं. तिथलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालतं, आणि डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात. साप मारून पिशवीत घालून न्यायची गरज नाही. एवढा भाग आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा. आणि खाली झोपत असाल, तर आज रात्रीपासून मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचा.