चामड्याला हात लावा!



ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या मुलामुलींना घोडा भेटतो तो बहुधा माथेरानला. कर्जतकडे जाणारी लोकल पकडली की पन्नासएक किलोमीटरवर नेरळ, आणि तेथून वर माथेरान. हे ठिकाण १८५० साली प्रकाशात आणले तेही ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी. मोटारींना बंदी असल्यामुळे घोडा हे तेथले जुने वाहन आहे. २०२२ पासून ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, तरी घोडे आहेतच. घोड्यावर बसताना आपण त्याचा रंग पाहतो, चाल पाहतो. पण ज्यांच्यावर आपला जीव टांगलेला असतो ते पट्टे कोण पाहतो? पोटाखालून खोगीर आवळून धरणारा तंग, रिकीब टांगणारा पट्टा आणि लगाम हे सारे चामड्याचे किंवा नवारीचे असतात, आणि शेवटी हाताएवढ्या लांबीच्या शिवणीवर अवलंबून असतात.

माझे म्हणणे असे की, ज्याला घोडेस्वारीची हौस आहे त्याने चामड्याचे काम शिकावे. आणि ज्याला ती नाही त्यानेही शिकावे. या कामात जितके विज्ञान आहे तितके शाळेत शिकवल्या जाणाऱ्या फारच थोड्या हस्तव्यवसायांत असेल.

प्रथम चामडे म्हणजे काय ते पाहू. जनावराच्या कातडीत कोलेजन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. कापडात धागे उभे-आडवे असतात. कातडीत ते जाडीच्या दिशेनेही एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणूनच चामडे कापले तरी त्याची कड उसवत नाही. पण कच्च्या कातडीत निम्म्याहून जास्त पाणी असते. ओली ठेवली तर जीवाणू तिला कुजवतात. नुसती वाळवली तर तंतू एकमेकांना चिकटून ती लाकडासारखी ताठ होते. बाभळीची किंवा तरवडाची साल, हिरडा यांत टॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. ती तंतूंमध्ये शिरून कोलेजनला धरून बसतात. मग ते कुजत नाही आणि चिकटतही नाही. यालाच कातडे कमावणे म्हणतात. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल अशाच साली-हिरड्याने कमावलेल्या चामड्याची असते.

कमावण्याची दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आली. या रीतीने काम लवकर होते, चामडे मऊ होते; मात्र सांडपाणी शुद्ध न करता सोडले तर नदीनाल्यांचे नुकसान होते. दोन प्रकार ओळखण्याचा एक प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहा. दोन्ही चामड्यांच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या मोजून उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटे ठेवा व पुन्हा मोजा. सालीने कमावलेली पट्टी आखडून कडक होईल; चांगली क्रोम पट्टी जवळजवळ तशीच राहील. खोगिराच्या पट्ट्यांना मात्र बहुधा सालीने कमावलेले चामडेच वापरतात, कारण ते कमी ताणले जाते आणि आकार धरून ठेवते.

आता शिवणीकडे वळू. शिवणयंत्राच्या टाक्यात दोन दोरे असतात. एक वरून, एक खालून, आणि मध्ये त्यांची अडी. एक दोरा झिजून तुटला की शेजारचे टाके सुटू लागतात. खोगीर शिवणारा कारागीर एकच मेण लावलेला दोरा घेतो, त्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवतो, आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध बाजूंनी पार करतो. एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसऱ्या बाजूचा शिवण धरून ठेवतो. भोके फार जवळ पाडूनही चालत नाही. टपालाच्या तिकिटांचा कागद भोकांच्या रांगेवर अलगद फाटतो. चामडेही तसेच फाटेल. शिवाय पट्टा जनावराच्या पाठीच्या कण्यालगतच्या भागातून, कण्याला समांतर कापावा लागतो, कारण तेथील चामडे घट्ट असते आणि पोटाकडचे सैल. स्वार नेहमी डाव्या बाजूने चढतो, म्हणून डाव्या रिकिबीचा पट्टा जास्त ताणला जातो. यासाठी जाणते लोक दोन्ही पट्ट्यांची अधूनमधून अदलाबदल करतात.

मराठीत निरुपयोगी भरीला आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो. घोड्याला विचाराल तर तो या शब्दाला हरकत घेईल! समजा, स्वार व खोगीर मिळून ६० किलो वजन आहे आणि खोगिराची भरलेली गादी पाठीवर १००० चौरस सेंटीमीटर टेकते. दर चौरस सेंटीमीटरवर भार आला अवघा ६० ग्रॅम. पण गादीत गाठ राहिली आणि १० किलो वजन १० चौरस सेंटीमीटरवर आले, तर तेथे दर चौरस सेंटीमीटरवर १ किलो, म्हणजे सोळापटीहून जास्त भार पडतो. त्या दाबाने कातडीतील बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि पाठीला जखम होते. भार भागिले क्षेत्रफळ हे सूत्र परीक्षेत चुकले तर आपला एक गुण जातो. येथे चुकले तर एका मुक्या जनावराची पाठ सोलवटते.

म्हणूनच नवशिक्याने एक नियम पाळावा. टाका तुटला तर वस्तू पडेल, तेथे शिकावे. टाका तुटला तर माणूस पडेल, तेथे नाही. आधी पुस्तकात ठेवायची खूण, मग पाकीट, मग कमरेचा पट्टा. रापी चालवताना तिच्या वाटेत दुसरा हात कधीही ठेवू नये. तंग आणि रिकिबीचे पट्टे यांना जाणत्या कारागिराच्या नजरेखालून गेल्यावाचून वापरात आणू नये. पण ते तपासायला तुम्ही पहिल्या महिन्यातच शिकाल. पट्टा वाकवून तडे पाहावेत. बक्कल बसते ती घडी उघडून झीज पाहावी. घामाचे मीठ ओल्या फडक्याने पुसावे. चामडे सावलीत वाळवून बेताने तेल द्यावे. पावसाळ्यात हवेशीर जागी टांगावे, म्हणजे बुरशी धरत नाही.

काही जण म्हणतील, आता नायलॉनचे पट्टे मिळतात, मग ही उठाठेव कशाला? नायलॉन स्वस्त आहे, धुता येते, हे खरेच. पण बांधलेल्या घोड्याची मोहरकी खिळ्यात अडकली तर चामडे तुटून तो सुटण्याची शक्यता असते. नायलॉन तुटत नाही आणि घोडा जखमी होतो. कोणत्या जागी कोणता पदार्थ, हे ठरवायला दोन्हींची ओळख हवी.

खरा अडसर वेगळाच आहे. आपल्या समाजाने चामड्याची मोट, ढोलकी, वहाण, खोगीर सारे वापरले. पण कातडे कमावणाऱ्या ढोर आणि ते शिवणाऱ्या चर्मकार बांधवांना दूर ठेवले. ज्यांनी प्रयोगशाळेवाचून टॅनिनचे गुण ओळखले त्यांना आपण अडाणी म्हणालो. हा अन्याय तर होताच, शिवाय विज्ञानाचेही नुकसान होते. कारण लिहिणारा हात आणि काम करणारा हात एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. ते भेटू शकतात याचे दाखले आहेत. बॅरिस्टर गांधी दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला शिकले आणि १९१४ साली तो देश सोडताना त्यांनी स्वतः केलेला जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवले.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले पुष्कळ झाली. एखाद्या वर्षी धारावीतून थोडे चामडे आणा आणि आपल्याच रस्त्यावर बसणाऱ्या चर्मकार काकांना रीतसर मानधन देऊन वर्गात बोलवा. ते टाका शिकवतील, तुम्ही कोलेजन शिकवा. खुर्ची मात्र दोघांना सारखीच द्या.

आणि मित्रांनो, पुढच्या वेळी माथेरानला गेलात तर घोड्यावर चढण्यापूर्वी तंगाची शिवण नीट पाहा आणि घोडेवाल्या दादांना विचारा, हा पट्टा कोणी शिवला? या प्रश्नापासून शिकायला सुरुवात करता येईल.