माडीवरचे बॅरिस्टर

आमच्या विहारात बाबासाहेबांच्या फोटोखाली बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागड्यांचा फोटो आहे. परवा भिंती रंगवताना पोट्ट्यांनी तो उतरवला. परत लावायची वेळ आली तर एक जण म्हणाला, "काहून लावायचा? जन्मभर राज्यसभेत बसले. कुरखेड्यात काय आणलं?" दुसऱ्यानं री ओढली, "काँग्रेसच्या उपकारावर गेले होते सारे." मी भांडलो. पण भांडताना माणूस अर्धंच बोलतो. उरलेलं इथं लिहितो.

तेव्हा कुरखेडा चांदा जिल्ह्यातच होतं. गडचिरोली वेगळा झाला 1982 साली. नागपूरची दीक्षा झाल्यावर बाबासाहेब 16 ऑक्टोबर 1956 ला चांद्याला आले, ते राजाभाऊंच्या पुढाकारानं. त्या वेळी राजाभाऊंचं वय 31. माझा आजा वडशापर्यंत बंडीनं आणि पुढे रेल्वेनं गेला. परत आला तो घरातले देव काढूनच. म्हणजे काहीच आणलं नाही असं नाही, दोस्तहो. आमच्या घरात धम्म आला तो त्या वाटेनं.

आता राज्यसभेचं. 1958 ते 64, मग 1966 ते 72, मग 1978 ते 84. अठरा वर्षं. शेवटची मुदत संपली आणि त्याच एप्रिलात, 9 तारखेला, ते गेले. डिसेंबर 1969 ते एप्रिल 1972 ते राज्यसभेचे उपसभापती होते. काँग्रेस फुटली आणि महिन्याभरात ही खुर्ची मिळाली, यातच पोट्ट्यांना काळंबेरं दिसतं. मला त्या खुर्चीपेक्षा त्यांनी चढलेल्या जिन्याचा प्रश्न मोठा वाटतो.

आमची माणसं माडीवरच का बसली? बाबासाहेब 1952 ला मुंबईत पडले, राज्यसभेत गेले. 1954 ला भंडाऱ्यात उभे राहिले, तिथंही पाडले. भंडारा काही कुरखेड्याहून परदेश नाही. राज्यघटना लिहिणाऱ्याला आमच्या शेजारच्या जिल्ह्यानं खालच्या दारातून आत येऊ दिलं नाही. दादासाहेब गायकवाड 1957 ला नाशकातून लोकसभेत गेले. ती संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. लाट ओसरली आणि 1962 ला तेही राज्यसभेत. रा. सू. गवई 1964 पासून तीस वर्षं विधान परिषदेत. स्वतंत्र मतदारसंघ 1932 ला येरवड्यात काढून घेतले, त्याचा हा हिशेब आहे. खाली राखीव जागा आहेत, पण तिथं कोण निवडून येईल ते सवर्णांची मतं ठरवतात. आणि वर तर राखीव जागाच नाही. तिथं आमदारांची मतं लागतात. शिडी दुसऱ्याच्या हातात.

अमेरिकेच्या वरच्या सभागृहात, सेनेटमध्ये, डॅनियल इनोये नावाचा माणूस 1963 पासून 2012 ला मरेपर्यंत बसला. जपानी वंशाचा, हवाई बेटांवरचा. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या जमातीच्या लाखावर लोकांना अमेरिकेनं तारेच्या कुंपणात डांबलं होतं, आणि हा अमेरिकेसाठी इटलीत लढत होता. एप्रिल 1945 ला उजवा हात गमावला. घरी परतताना सॅनफ्रान्सिस्कोत अंगावर गणवेश, छातीवर पदकं, एक बाही रिकामी, असा केस कापायला गेला. न्हाव्यानं जपानी म्हणून हाकलला. हा न्हावी आम्ही ओळखतो! महार पलटणीतून सुट्टीवर आलेल्या कितीतरी आज्यांना तो गावातच भेटला. लढाईतल्या शौर्याचं सर्वोच्च पदक इनोयेला 2000 साली मिळालं, पंचावन्न वर्षांनी.

पण एक फरक ध्यानात घ्या. तिथं सेनेटर 1913 पासून लोकांच्या थेट मतांनी निवडला जातो. इनोये सेनेटवर नऊ वेळा निवडून आला, कारण हवाईत त्याचे लोक गठ्ठ्यानं होते. त्याच्या पायाखाली जमीन होती. राजाभाऊंच्या पायाखाली गावागावात पाच-पंचवीस घरांचे आमचे मोहल्ले, आणि पक्ष.

त्या पक्षाचं काय केलं आमच्या पुढाऱ्यांनी? इथं मी राजाभाऊंनाही सोडणार नाही. काँग्रेसशी सोयरीक करायची की नाही, कोण मोठा, कोण धाकटा, यात रिपब्लिकन पक्षाच्या चिंध्या झाल्या. गवई गट, खोब्रागडे गट. शिडी धरणाऱ्याला आणखी काय पाहिजे? चार जण चढायला तयार, चौघांनाही स्वस्तात घ्या. राजाभाऊंची उपसभापतिपदाची मुदत एप्रिल 1972 ला संपली, मे महिन्यात मुंबईत पँथर जन्मली. माडीवरच्या भांडणांना वैतागलेली पोरं होती ती. (पुढे पँथरही फुटली. तो डाग आमच्याही अंगावर आहे.)

आज तर शिडीच्या पायऱ्याही मोजून घेतल्यात. 2003 च्या दुरुस्तीनं राज्यसभेचं मत उघड झालं. पक्षाच्या आमदारानं पक्षाच्या एजंटाला मतपत्रिका दाखवायची. राज्याचा रहिवासी असण्याची अटही गेली. मनातून एखाद्या राजाभाऊंना मत द्यावं वाटलं तरी कोण देईल?

आता कुरखेड्यात काय आणलं, ते. 6 डिसेंबर 1964 पासून रिपब्लिकन पक्षानं देशभर सत्याग्रह केला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन द्या, बौद्धांना सवलती द्या, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. सवलती केंद्रानं दिल्या 1990 ला. तैलचित्रही 1990 ला. दोन्ही पाहायला राजाभाऊ नव्हते. जमीन? आमच्या बापानं जबरानजोत केली, धानाच्या बांद्या काढल्या. 2006 चा वनहक्क कायदा आला. आदिवासी भावाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. तो त्याचा हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही 'इतर पारंपरिक'. आम्हाला तीन पिढ्यांचा, 75 वर्षांचा पुरावा पाहिजे. ज्याला गावाबाहेर ठेवलं त्याचा कागद कोण करणार होतं? माझा दावा फेटाळला. असं कलम कायद्यात घालताना हात आडवा घालणारा, आमच्याच मतांवर उभा असलेला माणूस सभागृहात किती होता, वर काय नि खाली काय?

फोटो परत लावला. खिळा जुनाच होता. सगळ्यात जास्त तोंड करणारा तो पोट्टा रात्री घरी आला, म्हणाला, "काका, आमच्या बांदीचाही दावा परत आला हाये. अपील तुमीच लिहून द्या." त्याच्या आज्याचा जन्म कुठं नोंदला आहे, ते आधी शोधायचं आहे.