कागल ओलांडलं की…
कोल्हापुरात आमच्या शेजारच्या काकू घरी कांदा-लसूण मसाला करतात आणि मोबाइलवरून विकतात. पाव किलोच्या प्रत्येक पाकिटावर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवतात: वजन, किंमत, तारीख, पत्ता आणि एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर. तो त्यांनी 100 रुपये भरून केव्हाच घेतला. अडलं ते जीएसटीपाशी. 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्याला ऑनलाइन बाजारातही नोंदणीशिवाय माल विकता येतो, पण फक्त राज्यातल्या राज्यात आणि आपल्याकडे 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत. नागपूरला पाकीट खुशाल पाठवा. मात्र कागलपुढची राज्याची हद्द ओलांडून बेळगावच्या गिऱ्हाइकाला एकच विकलं, तरी नोंदणी सक्तीची! नोंदणी आली की विवरणपत्रं आली, ती भरून देणाऱ्याची फी आली. सेवा देणाऱ्याला परराज्यात 20 लाखांपर्यंत नोंदणीतून सूट 2017 पासून आहे, हस्तकलेच्या वस्तूंनाही आहे. मग उखळात मिरची कुटणाऱ्या बाईने काय घोडं मारलंय? ही सूट तिलाही मिळायलाच हवी. गेल्या आठवड्यात बेळगावहून आलेली तिसरी ऑर्डर काकूंनी परत केली; बांधलेलं पाकीट अजून ओट्यावरच आहे.